उंबऱ्यातून दिसणारा कळस

“डावीकडे! अजून डावीकडे! अगं, माझ्या डावीकडे, तुझ्या नव्हे!”

गिरीश तांबट खालून ओरडत होता आणि मी लाल-पांढरा रॉड हातात धरून उतारावर मिळेल त्या बाजूला सरकत होते. डोईफोडे सर त्याच्या मागे येऊन उभे राहिले होते. ते त्याला दिसले नव्हते, मला दिसत होते.

“तांबट, भाजी विकतोस का?”

“नाही सर.”

“मग तोंड बंद ठेव. मोजणी करणारा माणूस ओरडत नाही, हात करतो.”

मग सरांनी सगळ्यांना गोळा करून हातांच्या खुणा पुन्हा दाखवल्या. यंत्रावरच्या माणसाने ज्या बाजूचा हात आडवा केला, त्या बाजूला रॉड सरकवायचा. हात हळू हलला तर बोटभर, जोरात हलला तर हातभर. दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणले की जागा बरोबर, खुंटी ठोकायची.

“आणि एक,” सर म्हणाले, “रीडिंग चुकलं तर पुन्हा घ्या. शिजवू नका. या कॅम्पवर स्वयंपाक फक्त आचारी करेल.”

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाचा तो आमचा सर्वे कॅम्प. आता त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हाची यंत्रं आज कॉलेजच्या काचेच्या कपाटात असतील. घाटमाथ्यावर धावडवाडी नावाची एक वाडी होती. होती असंच म्हणायला हवं, कारण त्या वर्षीच्या आषाढात मागचा डोंगर तिच्यावर उतरला. आम्ही गेलो तो पौष महिना होता. चिखल सुकून टणक झाला होता आणि त्यावर गुडघाभर गवत वाढून पिवळं पडलं होतं. लांबून पाहणाऱ्याला तो साधा उतार वाटला असता. फक्त त्याच्यावर एकही झाड नव्हतं.

वाचलेली माणसं रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. संक्रांतीनंतर त्यांना तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्या वसाहतीत नेणार होते. जुन्या नकाशातला डोंगर आता जागेवर नव्हता, म्हणून नवा नकाशा हवा होता आणि आम्हाला सरावासाठी उतार हवा होता. असा आमचा तिथे जाण्याचा योग.

नावजी केदारी पहिल्याच सकाळी आला आणि गिरीशच्या ट्रायपॉडपासून थोडा दूर उकिडवा बसला. पन्नाशीचा, काटक, अंगात कंपनीच्या वॉचमनचा खाकी शर्ट. दुसऱ्या सकाळीही आला. तिसऱ्या वेळेला मी वाकून थिओडोलाइटचा, कोन मोजायच्या आमच्या यंत्राचा, बुडबुडा मध्यावर आणत होते, तेव्हा त्याने विचारलं, “ताई, ही दुर्बीण मातीच्या आतलं दावती का?”

“नाही मामा. बाहेरचंच दिसतं.”

“मंग एवढं वाकून वाकून काय बघता?”

“आमच्याच चुका बघतो,” गिरीश म्हणाला. “खूप असतात.”

नावजी हसला. मग हातातली काडी मोडत म्हणाला, “मला वाटलं, घर घावंल.”

गिरीशने माझ्याकडे पाहिलं. मी बुडबुड्याकडे पाहिलं.

“पुण्याकडं कंपनीत व्हतो मी,” तो सांगू लागला. “हितं आलो तवा समदं झालेलं. घरवाली वाचली, ती वरच्या वाडीला गेली व्हती. लेक घरात. रंजना. धाव्वीला गेली व्हती औंदा.” त्याने उताराकडे हात केला. “मशीन लावलं सरकारनं. न्हाय म्हणायचं न्हाय, लई माणसं काढली. पर घर हितं का तिथं, कुणालाच नक्की सांगता यीना. खुणंला झाड न्हाय, बांध न्हाय. मंग थांबले. ती तेवढी ऱ्हायली.”

“मग तिचं सगळं...” गिरीशने वाक्य सोडून दिलं.

“केलं की. दर्भाची पोरगी केली भटजींनी आन् तिला अग्नी दिला. त्ये झालं. आता आम्हाला हितनं हालवणार. त्याच्या आदी घरावर दगड मांडायचाय. दर साली यीन मी. पर येऊन बसू कुठं? अख्ख्या डोंगराला हात जोडू?”

आदल्या दिवशीच सरांनी शिकवलं होतं: आपण कुठे उभे आहोत हे कळत नसेल तर पायाखाली बघू नका, जे जागेवर ठाम आहे त्याच्याकडे बघा. मी विचारलं, “मामा, तुमच्या उंबऱ्यात उभं राहिलं की काय दिसायचं?”

“काय दिसायचं? म्होरं भावकीची घरं, पाणंद, वडाचा पार...”

“ते नको. जे अजून आहे ते सांगा.”

तो गोंधळला. मग हळूच उठला, डोंगराकडे पाठ केली आणि ओढ्यापलीकडे पाहू लागला. पलीकडच्या टेकाडावर देऊळ होतं आणि त्याच्या मागे डोंगराची लांब धार. धारेला एका जागी खिंड पडलेली आणि खिंडीच्या बाजूलाच एक सुळका.

त्याने डोळे मिटले.

“कळस,” तो म्हणाला. “बरुबर खिंडीत बसायचा. सकाळी चूळ भरताना हात जोडायचो ना मी. रंजी म्हणायची, देवाला डोंगराचं मखर केलंय.”

“आणि उजवीकडे?”

“उजवीकडं शाळा. खालच्या वाडीची. तिच्या कौलांच्या टोकातनं माड उगवायचा. म्हंजी तसा दिसायचा. भेरली माड. त्यो तिकडं मागं हाय, लांब, पर दाराशी उभं ऱ्हायलं की कौलातनंच वर आल्यावानी...” त्याने डोळे उघडले. “ताई, ह्याचं काय?”

मी वहीत रेघा ओढून दाखवल्या. खिंडीतून कळसावरून एक रेघ अशीच पुढे आणली, तर ती त्याच्या उंबऱ्यावरून जाणार. माडावरून कौलांच्या टोकाला लागून दुसरी आणली, तर तीही तिथूनच जाणार. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे घर. माती कितीही वर चढली तरी रेघा हलत नाहीत.

त्याने त्या फुलीवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. डोक्यावरचा सरपणाचा भारा कुणीतरी खाली टाकला होता. एक उंच, वाळलेली बाई पदराने मान पुसत उभी होती.

“आमची घरवाली, हौसा,” नावजी म्हणाला. “ऐकलं का, घर घावतंय. ही ताई काढून देतीया.”

हौसाबाईंनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

यंत्र मागितलं तेव्हा सर आधी नाहीच म्हणाले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “दुपारपर्यंत. खाली काय आहे, काय नाही, यावर एक शब्द बोलायचा नाही. आणि निरुपमा, रेघ जिथे येईल तिथे येईल. त्या माणसाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा ती सरकवायची नाही. त्याला खरी जागा हवी आहे. तेवढीच एक गोष्ट आपण देऊ शकतो.”

“हो सर,” मी म्हणाले. मला त्यात कठीण काहीच वाटलं नाही.

उताराच्या पायथ्याशी आम्ही यंत्र आडवं आडवं सरकवत राहिलो. दुर्बीण खिंडीच्या तळावर रोखायची आणि सरळ खाली उतरवायची. आतली उभी तार कळसाच्या टोकावर यायला हवी. कधी ती डाव्या अंगाला पडायची, कधी उजव्या. अखेर ती कळसावर अशी बसली की कळस तारेवर ओवल्यासारखा दिसला. गिरीशने नावजीला बोलावलं. नावजीने पायांतल्या चपला काढल्या आणि मग डोळा लावला.

“आरं, देऊळ उलटं टांगलंय की!”

“यंत्र जुनं आहे मामा, उलटंच दाखवतं,” गिरीश म्हणाला. “देव सरळच आहे.”

नावजी खूप वेळ बघत राहिला. “खिंडीतच हाय,” तो म्हणाला. “जसाच्या तसा.” मग त्याला घाई झाली. दगड शेडजवळ तयार होता. ओढ्यातला काळा दगड; त्याने स्वतः छिन्नीने त्याच्यावर चंद्र-सूर्य कोरले होते. “तुमी खुंटी ठोका तवर घेऊन येतो,” म्हणत तो उतारावरून जवळजवळ पळतच गेला.

गिरीशने दुर्बीण पालथी घालून माझ्याकडे, डोंगराच्या बाजूला फिरवली. मी रॉड घेऊन चढू लागले. खुंटी आणि हातोडा हौसाबाईंनी न विचारता उचलला आणि त्या मागून आल्या. मी दर थोड्या अंतरावर थांबायची, रॉड उभा धरायची, खालून गिरीशचा हात आडवा व्हायचा, मी सरकायची. तसं रेघेवरून वर वर जात मी शाळेच्या बाजूला माड बघत होते. आधी तो शाळेच्या कौलांमागे पुरता लपला होता. मग त्याचा शेंडा दिसला. मग आणखी वर गेले आणि तो कौलांच्या अगदी टोकातून उगवून उभा राहिला.

मी मागे वळून देवळाकडे पाहिलं. कळस खिंडीत होता. खरंच मखर होतं ते.

“मावशी, ही तुमच्या उंबऱ्याची जागा,” मी म्हणाले.

खाली गिरीशने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि खाली आणले. मी खुंटीसाठी हात पुढे केला.

हौसाबाईंनी खुंटी दिली नाही. ती पदरात धरून त्या तिथेच खाली बसल्या.

“घराची जागा हीच,” त्या म्हणाल्या. “पर ती हितं न्हाय.”

मला आधी कळलंच नाही.

“ती गोठ्यात व्हती.”

वारा गवतातून जात होता. हौसाबाई गवताकडे बघत बोलत होत्या, माझ्याकडे नाही.

“म्हस व्यायला झाली व्हती. वरच्या वाडीला भनीच्या नातवाचं बारसं, स्वैपाक माझ्याकडं. उजाडायच्या आत निघायचं व्हतं. रंजी म्हणली, आई मी बी येते. नवी वढणी घालून तयार बसली व्हती. म्या म्हणलं, म्हशीकडं कोण बघंल, तुझा बा? गोठ्यात बस, मोकळी झाली की मंग ये. रागं रागं गेली. वढणी बी काढली न्हाय.”

“मामांना माहीत नाही?”

“आदल्या दिशी सरपंचाकडं त्यांचा फोन आल्ता. मागल्या सुट्टीला त्यांनी बघितलं व्हतं, गोठ्याच्या मागं जिमीन चिरलीया. म्हणले, गुरं हालव आन् पोरीला तिकडं धाडू नको. मी व्हय म्हणलं. पर म्हस तशी. एवढ्या पावसात तिला कुठं हालवू? एक दिस, म्हणलं, एक दिस.”

त्यांनी खुंटीचं टोक मातीत खुपसलं, काढलं, पुन्हा खुपसलं.

“ते आले. चिखलात हितवर बुडलेले. समद्यांच्या म्होरं इचारलं, रंजी घरातच व्हती ना गं? म्या मान हालवली.” त्यांनी तशी मान हलवून दाखवली. “एकदा हालवली, ती मंग माघारी घेता यीना. मशीन घराच्या अंगाला लागलं. गोठ्याकडं कुणी फावडं मारलं न्हाय. मी बसून बघत व्हते, ताई. आज सांगते, उद्या सांगते. आन् एक दिस मशीनच निघून गेलं.”

मी रॉड सरळ धरून उभी होते, तेवढंच मला येत होतं.

“त्यांना सांगू नको,” हौसाबाई म्हणाल्या. “एवढीच एक जित्ती माणूस उरलीय त्यांची, मी. पर दगड तिच्यावर मांड, बाई. ते दर साली यायचे, दिवा लावायचे, आन् पोर तिकडं अंधारात. म्या कसं बघायचं?”

सरांचे शब्द माझ्या कानात अजून ताजे होते: त्याला खरी जागा हवी आहे. मी खाली पाहिलं. गिरीश हात कमरेवर ठेवून वाट बघत होता. रस्त्याकडून नावजी येताना दिसत होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड, एका हातात पहार, पावलं जपून टाकत. थोडा वेळ होता.

“गोठ्यातून काय दिसायचं?” मी विचारलं.

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

“धार काढताना देऊळ दिसायचं का? कुठे दिसायचं?”

“खिंडीत न्हाय,” त्या सावकाश म्हणाल्या. “कळस सुळक्याच्या बुडाशी यायचा. आन् माड सुटा दिसायचा, कौलाला न टेकता. एवढा.” त्यांनी हात लांब करून मनगट आडवं धरलं.

आम्ही चढू लागलो, वर आणि एका अंगाला. मी रेघ सोडल्याबरोबर गिरीशचा हात आडवा झाला. मग जोरजोरात हलू लागला. मी चालत राहिले. हौसाबाई पुढे होत्या. त्या दर चार पावलांनी थांबून देवळाकडे बघायच्या, मग हात लांब करून मनगटाने माड मोजायच्या. मीही तसंच माझ्या मनगटाने मोजलं. कळस सुळक्याखाली सरकला. माड कौलांपासून सुटला.

“हितं,” त्या म्हणाल्या. “गव्हाणीपाशी.”

“निरुपमा!” गिरीशने शेवटी आवाज दिलाच. “रेघ सोडलीस तू! माझ्या उजवीकडे गेलीस! पुष्कळ उजवीकडे!”

मी रॉड गवतात आडवा ठेवला, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि खाली आणले. ती खूण यंत्रावरच्या माणसाने करायची असते, रॉडवाल्याने नाही. गिरीश बघत राहिला. मी पुन्हा एकदा केली. मग त्याने दुर्बिणीवरचं झाकण लावलं आणि पाठ फिरवून बसला.

खुंटी मी ठोकली. टणक माती होती. दोनदा वाकडी गेली.

नावजी धापा टाकत आला. आम्ही दोघींनी हात लावून दगड खाली उतरवला. त्याने चुंबळ सोडून तिनेच तोंड पुसलं, खुंटीकडे पाहिलं आणि म्हणाला, “हितंच?”

“हो मामा,” मी म्हणाले.

“लई वर आलं की.”

“माती चढलीय ना.”

“व्हय. माती चढलीय.”

मग त्याने तेच केलं जे करणार हे मला कळायला हवं होतं. तो खुंटीपाशी पाय जुळवून उभा राहिला आणि हात जोडायला देवळाकडे वळला.

हात अर्ध्यावर राहिले. कळस खिंडीत नव्हता. त्याने एक पाऊल बाजूला टाकून पाहिलं, मग परत खुंटीपाशी आला. मान उजवीकडे केली, माड पाहिला. परत कळस पाहिला, सुळक्याखालचा. तो इतका वेळ तसा उभा राहिला की त्याचा घाम वाऱ्याने वाळला. घरी असताना रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याने हा देखावा पाहिला असणार, गोठ्यात धार काढताना, गुडघ्यात बादली धरून. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते: यंत्राची चूक, रेघेची चूक, माझी चूक. एकही पुरं होईना.

हौसाबाई खाली बघत होत्या. कनवटीतून काढलेल्या हळदकुंकवाच्या पुड्या त्यांच्या हातांत होत्या.

नावजीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग हात जोडले, होते तिथेच, सुळक्याखालच्या कळसाला. माझ्याकडे वळून म्हणाला, “बरुबर हाय ताई. हीच जागा.”

त्याने पहार घेतली आणि खणायला सुरुवात केली. मी मदतीला वाकले तर मानेनेच नको म्हणाला. दगड बसेल एवढा खळगा झाला. त्याने दगड उभा केला, चंद्र-सूर्य देवळाकडे करून, आणि भोवतीने माती घालून ती तळहातांनी दाबू लागला. गवताची मुळं निवडून बाजूला टाकत, हळूहळू, एखाद्याला पांघरूण घालावं तसं.

माती दाबता दाबताच, मान वर न करता त्याने विचारलं, “म्हस व्याली व्हती का?”

हौसाबाईंच्या तोंडून आवाज निघाला तो शब्द नव्हता. त्या त्याच्या शेजारी खाली बसल्या. म्हणाल्या, “मी निघाले तवा कळा लागल्या व्हत्या.”

“मंग व्याली असंल,” नावजी म्हणाला. त्याने दगडाची माती बोटाने पुसली. “पारडू बघितलं असंल रंजीनं.”

आणि हळदीच्या पुडीसाठी त्याने तिच्यापुढे हात केला.